बदली बंगळूरला, बिऱ्हाड वाटेत

नवी नोकरी किंवा बदली ठरते तेव्हा रुजू व्हायची तारीख पक्की असते. मुलांची शाळा कधी उघडणार तेही ठरलेलं असतं, आणि पुण्यातल्या घरमालकाला दिलेली नोटीस संपत आलेली असते. पक्कं नसतं ते फक्त नव्या गावातलं घर. महाराष्ट्रातून बंगळूरला जाणाऱ्या कुटुंबांची ही नेहमीची गत. एकटा माणूस असेल तर पीजीत पथारी टाकतो आणि सावकाश घर शोधतो. नवरा-बायको, दोन मुलं, सोबत सासूबाई आणि ट्रकभर सामान असं बिऱ्हाड निघालं की ती चैन राहत नाही. मग पहिल्या चार दिवसांत जे दिसेल ते घर घेतलं जातं आणि पुढचे अकरा महिने त्या घाईचे हप्ते फेडावे लागतात.

शहाजीराजांना सतराव्या शतकात आदिलशाहीकडून बंगळूर जहागीर म्हणून मिळालं, त्यामुळे त्यांना अ‍ॅडव्हान्स भरावा लागला नाही. आपल्याला भरावा लागतो. तो किती भरायचा, कोणाला, कधी आणि त्याआधी काय बघायचं, याची ही माहिती.

आधी छप्पर, मग घर

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो ट्रक निघण्याच्या आधी घर ठरलंच पाहिजे या हट्टापायी. पुण्यात बसून फोटो आणि व्हिडिओ कॉल बघून घर घेणारे पुष्कळ आहेत. व्हिडिओत हॉल मोठा दिसतो. पण खालच्या मजल्यावरच्या हॉटेलच्या किचनचा धूर बेडरूममध्ये येतो का, रात्री अकराला बोअरवेलची मोटर कानाशी घरघरते का, हे व्हिडिओत दिसत नाही.

त्यापेक्षा तीन-चार आठवड्यांचं तात्पुरतं छप्पर घ्यावं. अनेक कंपन्या नव्या माणसाला गेस्ट हाउस किंवा सर्व्हिस अपार्टमेंट देतात, बहुतेक वेळा पंधरा दिवसांचं. ते महिनाभराचं करून मिळेल का, हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारायचं असतं. रुजू झाल्यावर एचआरला विचारलं तर ‘पॉलिसीत नाही’ एवढंच उत्तर येतं. कंपनी देत नसेल तर स्वयंपाकघर असलेलं सर्व्हिस अपार्टमेंट स्वतःच्या पैशानं घ्यावं. ते महाग पडतं, महिन्याच्या भाड्याहूनही जास्त. तरी चुकीच्या घरातून चौथ्या महिन्यात बाहेर पडताना लॉक-इनचा दंड, रंगाचे पैसे, पुन्हा दलाली आणि पुन्हा टेम्पो यांची बेरीज केली तर हाच खर्च कमी असतो.

शक्य असेल तर एकानं पुढे जावं. मागं राहिलेल्यांची ओढाताण होते, हे खरं. पण लहान मुलाला कडेवर घेऊन दिवसाला सहा घरं बघणारी आई सातव्या घराला ‘हेच घेऊ’ म्हणते, आणि त्यात तिची काही चूक नसते.

शाळा ठरली की भाग ठरतो

बंगळूरमध्ये किलोमीटर विचारू नयेत, मिनिटं विचारावीत. सिल्क बोर्डचा चौक आणि आउटर रिंग रोडचा बेलंदूर ते मारतहळ्ळी हा पट्टा ज्यांनी सकाळी नऊ वाजता पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. रविवारी दुपारी घर बघायला गेलात तर ऑफिस पंचवीस मिनिटांवर आहे असं वाटेल. तेच अंतर मंगळवारी सकाळी एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा.

बरेच जण ऑफिसजवळ घर शोधतात आणि मग शाळा शोधतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. मोठा माणूस मेट्रोनं जाईल, दोन दिवस घरून काम करेल, पुढं नोकरी बदलेल. दुसरीतल्या पोरीची शाळेची बस मात्र रोज त्याच रस्त्यावर अडकते. खासगी शाळांचे पुढच्या वर्षीचे प्रवेश आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच सुरू होतात. मे महिन्यात पोचणाऱ्याला उरलेल्या जागांतून शाळा निवडावी लागते. म्हणून आधी फोन करून कुठे जागा आहे ते बघावं आणि मग त्या शाळेच्या बसच्या मार्गावर घर शोधावं.

तारखांचाही फरक आहे. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्याहूनही उशिरा. कर्नाटकात राज्य मंडळाच्या शाळा मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीलाच भरतात आणि सीबीएसईच्या अनेक शाळांचं वर्ष त्याच्याही आधी सुरू झालेलं असतं. ‘दहा जूनला निघू’ असा बेत करणाऱ्यांचा मुलगा नव्या वर्गात उशिरा येणारा ठरतो.

राज्याबाहेर जायचं तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागू शकते. ती सामान बांधायच्या आधी घ्या. मागाहून त्या एका सहीसाठी पुण्याची फेरी होते. आणि कर्नाटकात २०१५ च्या कायद्यानुसार शाळांत कन्नड शिकवणं बंधनकारक आहे. बाहेरून वरच्या वर्गात येणाऱ्या मुलासाठी शाळा काय सवलत देते, कन्नड कोणत्या पातळीपासून शिकवते, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावं. केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांना केंद्रीय विद्यालयात अग्रक्रम मिळतो, त्यांनी बदलीचा आदेश हातात ठेवूनच चौकशी करावी.

मेट्रोचा नकाशा समोर ठेवून घर शोधणं आता खरोखर उपयोगाचं झालं आहे. पर्पल लाइन ऑक्टोबर २०२३ पासून व्हाइटफील्ड ते चल्लघट्टा पूर्ण धावते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली यलो लाइन आर. व्ही. रोडवरून इलेक्ट्रॉनिक सिटीमार्गे बोम्मसंद्रला जाते. त्यामुळे नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत आणि बायको व्हाइटफील्डला असं ज्यांचं त्रांगडं आहे, त्यांना जयनगरकडे घर घेऊन दोघांनी दोन दिशांना जाणं निदान शक्य झालं आहे. एकाच्या वाट्याला गाडी बदलणं येईलच.

घर सापडतं कुठे

मोबाइलवरची अ‍ॅप असतात, त्यांच्यावर फोटो असतात आणि फोटोतलं घर फोन करेपर्यंत ‘गेलेलं’ असतं. तरी ती बघावीत. कोणत्या भागात दोन बेडरूमला काय मागतात याचा अंदाज त्यावरून येतो. प्रत्यक्ष घर मात्र बऱ्याचदा दुसऱ्याच वाटेनं मिळतं.

जुन्या बंगळूरमध्ये, म्हणजे जयनगर, बसवनगुडी, मल्लेश्वरम, राजाजीनगर अशा भागांत, फाटकावर ‘टू-लेट’ची पाटी लटकलेली असते. कधी पुठ्ठ्यावर स्केचपेननं नुसता फोन नंबर, कधी कन्नडमध्ये भाड्यानं देणे असल्याची एक ओळ. इथल्या पत्त्यांची रचना एकदा समजली की पायी हिंडणं सोपं होतं. लांब सरळ रस्ते म्हणजे ‘मेन’, त्यांना छेदणारे ‘क्रॉस’, आणि हे सगळं एखाद्या ‘ब्लॉक’मध्ये. अकरावा क्रॉस, चौथा मेन, तिसरा ब्लॉक असा पत्ता असला तर गणपतीच्या देवळामागं वगैरे खुणा विचाराव्या लागत नाहीत. सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात फिरावं. ऊन नसतं आणि घरमालक व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले असतात.

ही घरं बहुधा स्वतंत्र असतात. तळमजल्यावर मालक, वर दोन मजल्यांवर भाडेकरू. दलाल नसतो, त्यामुळे दलाली वाचते, पण मालकाची मुलाखत चुकत नाही. किती माणसं? कुठली कंपनी? व्हेज की नॉनव्हेज? पाहुणे फार येतात का? रात्री किती वाजता घरी येता? उत्तरं खरी द्यावीत. मासे खाणाऱ्यानं ‘आम्ही शुद्ध शाकाहारी’ म्हणून घर मिळवलं तर अकरा महिने खिडक्या बंद करून बांगडा तळावा लागतो. आडनाव ऐकल्यावर ‘आत्ताच घर गेलं’ असं सांगणारे मालकही भेटतात. पुण्या-मुंबईत घर शोधलेल्यांना ही तऱ्हा नवी नाही, आणि जुनी आहे म्हणून ती बरी ठरत नाही.

व्हाइटफील्ड, सर्जापूर रोड, बेलंदूर, एचएसआर लेआउट या बाजूंना मोठ्या सोसायट्या आहेत. तिथली रिकामी घरं रहिवाशांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी येतात. ऑफिसातल्या सहकाऱ्यांत त्या सोसायटीत राहणारा कोणी आहे का हे विचारणं हाच तिथला राजमार्ग. दलालानं घर दाखवलं तर साधारण एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून जातं. करार सही होईपर्यंत ती देऊ नये. गांधीनगरातलं महाराष्ट्र मंडळ जुनं आहे, आणि शहरातल्या निरनिराळ्या भागांत मराठी मंडळींचे गणेशोत्सवाचे गट आहेत. ते घर मिळवून देणार नाहीत, पण ‘तो मालक पैसे परत देत नाही’ ही बातमी त्यांच्याकडून नक्की मिळते. ती घर मिळण्याइतकीच मोलाची.

अ‍ॅडव्हान्सचं गणित

पुण्यात ज्याला आपण डिपॉझिट म्हणतो त्याला बंगळूरमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. नवखा माणूस तो पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं समजतो आणि आकडा ऐकून चमकतो. या शहरात दहा महिन्यांचं भाडं अ‍ॅडव्हान्स म्हणून घेण्याची जुनी प्रथा आहे. अलीकडे पाच-सहा महिन्यांवर तडजोड होते, काही ठिकाणी त्याहूनही कमी. पण जुन्या भागातले मालक अजून दहाचा आकडा सहज उच्चारतात.

समजा भाडं ४०,००० रुपये आहे. सहा महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स म्हणजे २ लाख ४० हजार. त्यात पहिल्या महिन्याचं भाडं ४० हजार, दलाली ४० हजार. एकूण ३ लाख २० हजार रुपये, आणि अजून ट्रकवाल्याला दमडी दिलेली नाही. मालक दहा महिन्यांवर अडून बसला तर हाच आकडा ४ लाख ८० हजारांवर जातो. याच वेळी पुण्यातलं डिपॉझिट अडकलेलं असतं, कारण ते घर रिकामं करून चावी दिल्यावरच परत मिळतं, आणि नोटीसच्या महिन्याचं भाडंही चालू असतं. कुटुंबाची खरी दमछाक इथे होते. पगार चांगला असतो, पण त्या दोन आठवड्यांत हातात रोकड नसते. पुण्याच्या घरमालकाशी आधीच बोलून शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घेता आलं तर बराच भार हलका होतो. कंपनी स्थलांतर भत्ता देत असेल तर तो रुजू होण्याआधी मिळतो की पहिल्या पगारासोबत, हेही विचारून ठेवा. काही कंपन्या अ‍ॅडव्हान्ससाठी बिनव्याजी कर्ज देतात, पण ते मागावं लागतं.

केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे ‘दोनच महिन्यांचा नियम आहे’ असं मालकाला ऐकवून काही साधत नाही. घासाघीस करायची ती दुसऱ्या बाजूनं करावी. भाडं एक हजारानं वाढवून देतो, अ‍ॅडव्हान्स चार महिन्यांचा घ्या, असं म्हटलं तर पुष्कळ मालक ऐकतात. घर दोन महिने रिकामं पडलं असेल तर नक्कीच ऐकतात. ते किती दिवस रिकामं आहे हे समोरच्या किराणा दुकानात कळतं.

घर सोडताना एक महिन्याचं भाडं रंगकामाचं म्हणून कापून घेण्याचीही इथे पद्धत आहे. म्हणजे २ लाख ४० हजार दिले तरी परत येणार दोनच लाख, असं धरून चाला. पाच वर्षं राहणाऱ्याकडून हे घेणं समजू शकतं. अकरा महिन्यांत निघणाऱ्याकडूनही तेवढेच घेतात, आणि ते मला अजून पटलेलं नाही. ही अट करारात आधी वाचून काढा आणि ‘दोन वर्षांच्या आत सोडल्यास निम्मे’ असं काही लिहून घेता येतं का बघा.

‘लीज’ म्हणजे काय ते विचारून घ्या

बंगळूरच्या जाहिरातीत ‘रेंट’ आणि ‘लीज’ हे दोन वेगळे प्रकार आहेत. लीजमध्ये मालकाला एकरकमी मोठी रक्कम, पंधरा-वीस लाख रुपये वगैरे, द्यायची. त्यावर दरमहा भाडं नाही, आणि दोन-तीन वर्षांनी घर सोडताना पूर्ण रक्कम परत. मुंबईतल्या हेवी डिपॉझिटचा हा भाऊ. ऐकायला छान वाटतं. धोका असा की ती रक्कम मालकानं कुठे गुंतवली हे आपल्याला माहीत नसतं. त्या घरावर बँकेचं कर्ज असलं आणि त्याचे हप्ते थकले तर बँक घराचा ताबा घ्यायला येते आणि लीजवाला रस्त्यावर येतो. मधल्या एखाद्या कंपनीनं मालकाला दरमहा भाडं कबूल करायचं, भाडेकरूकडून एकरकमी लाखो रुपये घ्यायचे आणि एक दिवस कार्यालय बंद करून पसार व्हायचं, असेही प्रकार या शहरात झाले आहेत.

नव्या गावात पहिल्याच वर्षी, मालक ओळखीचा नसताना, लीजच्या वाटेला जाऊ नये. व्याज वाचतं म्हणून तर अजिबात नाही.

पाणी: भाड्याहून मोठा प्रश्न

पुण्याच्या माणसाला उन्हाळ्यात टँकर माहीत असतो, पण घर घेताना पाण्याचा इतिहास विचारायची सवय नसते. बंगळूरला ती लावून घ्यावी. शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून जास्त उंचीवर आहे आणि जवळ मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणलं जातं. २००७ मध्ये महापालिकेत आलेल्या बाहेरच्या ११० खेड्यांच्या भागात, म्हणजे आयटी कंपन्यांभोवती उगवलेल्या बऱ्याच वस्तीत, वर्षानुवर्षं बोअरवेल आणि टँकरवरच भागवलं गेलं. मार्च २०२४ मध्ये बोअरवेल आटल्या तेव्हा लाखाच्या भाड्याच्या सोसायट्यांतही नळाला वेळा ठरल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला. या भागांसाठी रोज ७७.५ कोटी लिटर पाण्याची ती योजना आहे. तरी मुख्य जलवाहिनी आली म्हणजे आपल्या इमारतीत जोडणी झालीच, असं नाही.

घर बघायला गेलात की बाथरूममध्ये जाऊन नळाचं तोंड बघा. तिथे पांढरा खरखरीत थर जमला असेल तर पाणी बोअरचं, जड. गीझरची कॉइल, वॉशिंग मशीन आणि केस या तिघांना ते मानवत नाही. मग खाली उतरून सम्पचं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीचं, झाकण कुठे आहे ते विचारा. कावेरीचं पाणी किती दिवसांआड येतं, किती वाजता येतं, सम्प किती लिटरचा, एप्रिलमध्ये आठवड्याला किती टँकर लागले, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे? मालक म्हणेल, ‘नो प्रॉब्लेम, ट्वेंटी-फोर अवर्स वॉटर.’ शेजारच्या दारातल्या बाईंना विचारा. त्या खरं सांगतील, आणि आणखी चार गोष्टीही सांगतील.

करारनामा, तिकडचा आणि इकडचा

महाराष्ट्रात भाड्यानं राहिलेल्यांना लीव्ह अँड लायसन्सची सवय असते. एजंट घरी येतो, लॅपटॉपला कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र जोडतो, मालक आणि भाडेकरू दोघांचे फोटो आणि ठसे घेतो, आणि करार नोंदणीकृत होऊन ईमेलवर येतो. हे सगळं होतं ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या ५५ व्या कलमामुळे. त्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही.

बंगळूरमध्ये हे संरक्षण नाही. तिथे ई-स्टॅम्प कागदावर अकरा महिन्यांचा करार छापला जातो, दोन साक्षीदार सही करतात, कधी नोटरीचा शिक्का बसतो, आणि काम संपतं. अकरा महिनेच का, तर १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. ते टाळायला एक महिना कमी.

म्हणून करारातला मजकूर स्वतः वाचावा लागतो. छापील नमुन्यात नावं बदलून दिलेली असतात, आणि आधीच्या भाडेकरूच्या अटी तशाच राहिलेल्या सापडतात. अ‍ॅडव्हान्सची रक्कम आकड्यात आणि अक्षरात हवी, ती कोणत्या बँक व्यवहारानं दिली याचा उल्लेख हवा, आणि घर सोडल्यावर किती दिवसांत परत मिळणार हे स्पष्ट हवं. लॉक-इन किती महिन्यांचा, तो दोन्ही बाजूंना लागू आहे की फक्त आपल्याला? अकरा महिन्यांनंतर भाडं किती टक्क्यांनी वाढणार? पार्किंगचा नंबर, पंखे, गीझर, कपाटं यांची यादी शेवटच्या पानावर असू दे. आणि मालक म्हणून सही करणारा माणूस खरोखर मालक आहे का, हे वीजबिल आणि मालमत्ताकराच्या पावतीवरच्या नावावरून ताडून बघा. मुलगा सही करतोय आणि घर वडिलांच्या नावावर, असं असेल तर वडिलांचं अधिकारपत्र मागा. मागताना संकोच वाटतो. दोन-अडीच लाख देताना तो बाजूला ठेवावा.

बंगळूरचे अनेक फ्लॅट परदेशी राहणाऱ्यांचे आहेत. मालक आयकराच्या दृष्टीनं अनिवासी असेल तर भाड्यातून कर कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते, भाडं कितीही असलं तरी. घर ठरवण्याआधी सीएला एक फोन करा. मालक भारतातच राहत असेल आणि भाडं महिना ५०,००० रुपयांच्या वर असेल तर २ टक्के करकपात करावी लागते. ऑक्टोबर २०२४ च्या आधी हा दर ५ टक्के होता. घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्यांनी मालकाचा पॅन नंबर आधीच मागून घ्यावा, कारण वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की तो लागतोच.

फसवणुकीची ठरलेली तऱ्हा

सुंदर घर, भाडं बाजारापेक्षा बरंच कमी, आणि मालक म्हणतो, मी लष्करात आहे, आत्ता दुसऱ्या राज्यात पोस्टिंग आहे. तो गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो. घर बघायचं तर सोसायटीचा गेटपास काढावा लागेल, त्याचे थोडे पैसे भरा, नंतर भाड्यातून वळते होतील. मग एक क्यूआर कोड येतो. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, गेटपास येत नाही आणि फोन बंद होतो.

घाईत असलेली, दुसऱ्या गावात बसलेली कुटुंबं ही या ठगांची हक्काची गिऱ्हाइकं. घर पायानं चालून बघितल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. फसलातच तर लाज बाळगून दिवस घालवू नका, लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

सामान

पुणे ते बंगळूर राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून साधारण साडेआठशे किलोमीटर. पूर्ण ट्रक आपला असेल तर सामान एक-दोन दिवसांत पोचतं. ‘शेअरिंग’ म्हणजे दोन-तीन कुटुंबांचं सामान एकाच गाडीत घेतलं तर दर उतरतो आणि तारीख लांबते. पहिल्या आठवड्याची औषधं, मुलांचे दाखले, मूळ कागदपत्रं, कुकर आणि दोन चादरी स्वतःबरोबरच न्याव्यात.

अगदी कमी दर सांगून सामान चढवून घ्यायचं आणि वाटेत किंवा दारात जादा पैसे मागून गाडी अडवून ठेवायची, हा या धंद्यातला कुप्रसिद्ध प्रकार आहे. लेखी दरपत्रक, कंपनीचा जीएसटी क्रमांक, बिल्टी आणि वस्तूंची क्रमांक टाकलेली यादी याशिवाय खोकं हलू देऊ नये. विम्याचा कागद वेगळा मागावा, ‘इन्शुरन्स इन्क्लूडेड’ या तोंडी शब्दांना अर्थ नसतो. वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीचं ई-वे बिल लागत नाही, तेव्हा त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. स्कूटर रेल्वेनं पाठवायची असेल तर पेट्रोलची टाकी रिकामी करावी लागते आणि स्टेशनवरची मंडळी ती किंतानात गुंडाळून देतात.

पहिल्या महिन्यातली कामं

गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर पुण्याच्या वितरकाकडे जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं, ते नव्या वितरकाकडे दाखवलं की कनेक्शन मिळतं. अनेक सोसायट्यांत पाइपचा गॅस असतो, तिथे हा खटाटोप वाचतो.

कर्नाटकात गृहज्योती योजनेत घरगुती ग्राहकांना ठरावीक वापरापर्यंत, जास्तीत जास्त २०० युनिट, वीज मोफत मिळते आणि भाडेकरूही तिला पात्र आहेत. आधीच्या भाडेकरूचा आधार त्या मीटरला जोडलेला असेल तर तो आधी काढून घ्यावा लागतो. चावी घेतानाच मालकाला हे सांगा.

एमएच नंबरची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर मोटार वाहन कायद्यानुसार तिथे नव्यानं नोंदणी करावी लागते. त्यासाठी पुण्याच्या आरटीओची ना-हरकत लागते, आणि कर्नाटकाचा कर भरून महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागावा लागतो. बीएच मालिकेचा नंबर असलेल्यांना यातलं काही करावं लागत नाही.

घर सोडताना

घरात शिरल्या दिवशी, सामान लावायच्या आधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ करा. भिंतीवरची ओल, फुटलेली फरशी, न लागणारी खिडकी सगळं त्यात येऊ द्या आणि त्याच दिवशी तो मालकाला पाठवा. सोडायची नोटीस तोंडी देऊ नका. करारात दिलेल्या पत्त्यावर किंवा ईमेलवर लेखी द्या, आणि रंगाचे, दुरुस्तीचे, थकलेल्या बिलांचे किती कापणार याचा हिशोब शेवटच्या आठवड्याआधी मागून घ्या. ‘पुढचा भाडेकरू आला की पैसे देतो’ हे उत्तर ठरलेलं आहे. ते ऐकून घेऊ नका, कारण आपण दुसऱ्या गावी गेल्यावर त्या पैशांसाठी वकिलाची नोटीस आणि दिवाणी कोर्ट एवढेच मार्ग उरतात. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच चावी हातातून सोडा.